तेवीस नंबरची टोपी

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी ३.४७
अन्यायाची वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. पाच देशांची रग्बी अजिंक्यपद स्पर्धा, आपला पहिला सामना. प्रशिक्षकाने बाकावरच्या आठांपैकी सात जण आत पाठवले. उरला तेवीस नंबर, म्हणजे माझा धाकटा. मैदानात पाय ठेवल्याशिवाय कॅप, म्हणजे मानाची टोपी, देत नाहीत, आणि कॅप नाही तर तो देशाकडून खेळलाच नाही. आपले सामने चार. एक गेला.
हे गेल्यापासून वन्सं माझ्याकडेच असतात. म्हणाल्या, "कॅप कसली, टोपी घातली पोराला. पुढच्या वेळी ट्राय करेल." ट्राय म्हणजे प्रयत्न नव्हे, बॉल रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले पाच गुण. तिसऱ्यांदा समजावलं. नियम पाठ नसतील त्यांनी बोलू नये.

रविवार, ९ फेब्रुवारी
निश्चय: प्रशिक्षकाला पत्र लिहायचं नाही. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पोटच्या पोराच्या मार्कांसाठी कधी कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही.

११.३०
पत्र टाकलं. सही 'एक तटस्थ प्रेक्षक'. पाठीमागे घरचा पत्ता. उत्तर यायला हवं ना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
उत्तर आलं. साडेतीन ओळी, चार चुका, नको तिथे ॲपॉस्ट्रॉफी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी या प्रशिक्षकाला बाकावर उभं केलं असतं. हा माझ्या मुलाला बाकावर बसवतो. लाल शाईने तपासून, दहापैकी चार मार्क देऊन परत पाठवलं. रागाने नाही. हाताला सवय.

शनिवार, २२ फेब्रुवारी
दुसरा सामना. पुन्हा बाक. कॅमेऱ्यात शेजारच्यांशी हसताना दिसला. दुःख लपवतो बिचारा, माझ्यावर गेलाय.

सोमवार, २४ फेब्रुवारी
धाकट्याचा फोन. पत्र तू लिहिलंस का, म्हणे. मी म्हटलं, कुणी तटस्थ प्रेक्षकाने लिहिलं असेल. तो म्हणाला, त्या प्रेक्षकाला माझ्या कांजिण्यांची तारीख कशी ठाऊक? लाल शाईचं पत्र कपडे बदलायच्या खोलीत चिकटवलंय. संघात आता धाकट्यालाच 'दहापैकी चार' म्हणतात. म्हणजे दखल घेतली जातेय. "आई, माझं मला खेळू दे," एवढं म्हणून ठेवला.
जेवण गेलं नाही. हवा बदलली आहे.

शनिवार, ८ मार्च
तिसरा सामना. तेवीस जणांत नावच नाही. मी दुसरं पत्र टाकून आठच दिवस झालेत. त्याचा इथे काही संबंध नाही.
वन्सं टोमणासुद्धा मारत नाहीत. हे लक्षण बरं नव्हे.

शनिवार, १५ मार्च. दुपारी ४.०५
शेवटचा सामना. बाकावर परत घेतलाय. निश्चय: टीव्हीकडे पाठ. निषेध. तिसरं पत्र लिहायला बसले. "वहिनी, आला बघा," वन्सं म्हणाल्या. यांची थट्टा मला कळते. वाक्य अर्धवट होतं, ते पुरं केलं. सेमिकोलनवर जरा अडले. वळले तेव्हा दोन्ही संघ हस्तांदोलन करत होते.
दोन मिनिटं खेळला म्हणे.

५.२०
फोन आला. धापा अजून ओसरल्या नव्हत्या.
"पाहिलंस?"
"पाहिलं तर! छान ट्राय केलास."
तो हळूच म्हणाला, "आई, बॉल माझ्या हातात आलाच नाही. आत्याला दे."
दिला.

रविवार, १६ मार्च
कॅप देण्याचा समारंभ एकोणतीस तारखेला. प्रत्येक खेळाडूला एकच पाहुणा नेता येतो. वन्सं बूट पुसतायत. मी म्हटलं, जा की, मला तरी कुठे वेळ आहे.

रविवार, ३० मार्च. सकाळी ९
मखमली आहे. गोंड्याची. पुढे साल शिवलंय. वन्सं सांगत होत्या, मी कपाट आवरत होते.
तिसरं पत्र फाडलं. चौथं लिहिलं, पहिल्यांदाच स्वतःच्या सहीने. नक्कल इथे ठेवते:
'तू टोपी घालून कसा दिसतोस ते तुझ्या आईने अजून पाहिलेलं नाही. दाखवायला कधी येणार, याचं लेखी उत्तर रविवार, ६ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही.'