काचेपलीकडची खुर्ची

प्रिय चिरंजीवास,

हे 'प्रिय' केवळ शिस्त म्हणून लिहिलं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगायच्या, राग जितका मोठा तितकं अक्षर वळणदार काढा, म्हणजे समोरच्याला तोंड उघडायला जागा उरत नाही. तेव्हा अक्षर बघ आणि काय ते समज. फोनचा नाद मी सोडला. फोनवर पहिल्या वाक्याला तू मीटिंगमध्ये असतोस आणि दुसऱ्या वाक्याला तुझा आवाज तुटायला लागतो. कागदाचा आवाज तुटत नाही, आणि मध्येच 'आई, नंतर करतो हं' असंही त्याला म्हणता येत नाही.

आधी बातमी देते, नाहीतर तू नुसत्या शिव्यांवरून नजर फिरवून कागद खिशात कोंबशील. तुझी मुलगी बरी आहे. बरी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या अर्थाने बरी, कालच्यापेक्षा वाईट नाही. घशातली श्वासाची नळी काढली. आता नाकाशी हवेची बारीक नळी तेवढी आहे. दूध अजून नळीनेच पोटात जातं, पण पचतं. कातडी तिच्या मापाची शिवलेली नाही, कोपराशी आणि गुडघ्याशी ढगळ पडते. पण नळी बदलायला कोणी हात लावला की अशी किंचाळते की सगळ्या सिस्टरांनी मिळून तिचं नाव मिरची ठेवलंय. बापाने नाव सुचवायचं, तर बाप दौऱ्यावर. पोरीला हाक मारायला काहीतरी हवं ना?

एक खोड मात्र आहे तिला. मध्येच श्वास घ्यायचा विसरते. वेळेआधी आलेल्या मुलांना ही खोड असतेच. यंत्र ओरडतं, सिस्टर ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीच्या खिडकीतून हात घालून तिच्या तळपायाला बोट घासते, मग बाईसाहेब दचकून पुन्हा श्वास घेतात, तोही आपल्यावर उपकार केल्यासारखा. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. घाबरायला तू माझ्या मदतीची वाट कधी पाहिलीस?

सूनबाईचा ताप अजून पुरता उतरलेला नाही. सिझेरियनच्या टाक्यांत पू झाला होता, ते आता आटोक्यात आहे, पण ताप जाईपर्यंत तिला वर लेकीजवळ सोडणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. खालच्या मजल्यावर पलंगावर वाकून बसून ती दूध काढते आणि इवल्याशा बाटलीतून वर पाठवते. लेकीशी तिची तेवढीच ओळख. खोलीचं दार वाजलं की मान वर करते, मी दिसले की पुन्हा खाली घालते. तुझ्याबद्दल एक शब्द विचारत नाही. तिच्या जागी मी असते तर विचारलं असतं, आणि अशा शब्दांत, की मदरनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

आणि ते अस्वल! कोणत्या दुकानदाराने तुझ्या गळ्यात मारलं रे ते? माझ्या कमरेएवढं उंच, गळ्यात रिबन, कुरिअरवाल्याला दोन्ही हातांनी कवटाळून आणावं लागलं. मिरची त्याच्या एका कानात मावेल. आत केसाळ वस्तू नेता येत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण तुला कळलं नाही. मग ते बाहेर व्हरांड्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलंय. येणारेजाणारे आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि हसतात. वॉर्डाच्या काचेच्या अलीकडे बसलेले आम्ही दोन निरुपयोगी पाहुणे.

काचेच्या अलीकडे, हो. परवा तू म्हणालास, 'आई, तू आहेस ना तिथे, मग मला काय काळजी! तुझा तर जन्म गेला त्यात.' त्या वाक्याचा राग अजून माझ्या घशात हाडासारखा अडकून आहे. जन्म गेला, खरं आहे. अशी मूठभर लेकरं हाताळतच मी म्हातारी झाले. पण राजा, आज मी तिथे सिस्टर नाही. आजी आहे. आणि आजीला आत प्रवेश नाही.

हा नियम कोणाचा, विचार. माझा! दारावर अजून माझीच पाटी आहे, 'फक्त आई आणि वडील. इतर कोणीही नाही. आजीसुद्धा नाही.' शेवटची ओळ मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून घेतली होती. आता वॉर्डची प्रमुख आहे टिटवी. माझ्याच हाताखाली शिकली, आवाजावरून मीच तिला ते नाव दिलं. पहिल्या दिवशी ती धावत बाहेर आली आणि म्हणाली, 'सिस्टर, तुम्हाला कोण अडवणार? चला, हात धुवा!' मी तिला तिथेच झाडलं. म्हटलं, अगं, उद्या प्रत्येकीची आजी म्हणेल मी खास आहे, मग तुझ्या वॉर्डचं लग्नघर होईल. सर्दी घेऊन येणाऱ्या आज्या, मुका घेणाऱ्या आज्या, डॉक्टरला शिकवणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. पण खरं कारण ते नव्हतंच कधी. आजी आत शिरली की आईबाप खुर्चीवरून उठतात. तिला येतं, आपल्याला नाही येत, असं म्हणून बाजूला सरतात आणि मग सरलेलेच राहतात. हे टाळायला मी ती पाटी लावली होती, आणि ती बरोबर आहे. माझ्यावर उलटली म्हणून चूक ठरत नाही.

पण हातांना कुठे नियम कळतो? यंत्र ओरडलं की आत सिस्टर मिरचीच्या तळपायाला बोट घासते आणि बाहेर माझं बोट त्या अस्वलाच्या तळपायाला घासत असतं. काल एका सफाईवाल्या बाईने पाहिलं. बिचारी पुसायचं फडकं घेऊन दुसऱ्या टोकाला गेली.

आता खुर्चीचं सांगते. आत प्रत्येक पेटीशेजारी मागे कललेली एक खुर्ची असते. आई नाहीतर बाप तिच्यात रेलून बसतो, शर्टाची बटणं सोडतो, सिस्टर लेकराला उघड्या छातीवर पालथं ठेवते आणि वरून कापड गुंडाळते. बस. एवढंच औषध. माणसाच्या छातीवर असलेलं लेकरू श्वास विसरत नाही, निदान कमी विसरतं. अंग गरम राहतं, वजन धरतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की यावर मला कोणाचं व्याख्यान नको. शेजारच्या पेटीचा बाप बसचालक आहे. पोट हे असं, आणि त्या पोटावर त्याची लेक बेडकासारखी पाय पसरून झोपते. टिटवी सांगते, तो तिला त्याच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे एकेक करून सांगतो आणि पुढे आडव्या आलेल्या रिक्षावाल्यांना काय म्हणाला तेही. भाषा तिच्या कानावर जाऊ नये अशी, पण पोरगी शांत! पहिल्या दिवशी तोही घाबरला होता. टिटवीला म्हणाला, 'सिस्टर, माझ्या हातातून स्टेअरिंग सुटत नाही, पण ही सुटेल.' तरी बसला.

मिरचीच्या खुर्चीवर सिस्टरांनी घडी केलेल्या चादरी ठेवल्या आहेत. रिकामी जागा दिसली की माणूस सामान ठेवतोच. आज मोठे डॉक्टर बघून गेले आणि म्हणाले, हिला आता छातीवर घ्यायला हरकत नाही, उद्यापासून सुरू करा. टिटवी काच सरकवून मला म्हणाली, 'आईला ताप, बापाचा पत्ता नाही. सिस्टर, उद्या सकाळपर्यंत तो आला नाही, तर तुमची पाटी मी काढून खिडकीबाहेर भिरकावीन आणि तुम्हाला त्या खुर्चीत बसवीन.' आणि ऐक, मी बसेन. पोरीचा श्वास माझ्या नियमापेक्षा मोठा आहे. मी बसले की ते काम उत्तम होईल, कोणी नावं ठेवणार नाही. तूही म्हणशील, 'बघा, आई आहे ना!' आणि त्या दिवसापासून तू जन्मभराचा दारातला माणूस होशील.

दारातला माणूस कसा असतो ते तुला माहीत आहे. त्याच्याच घरात तू वाढलास. तूही असाच घाई करून आलास, वेळेच्या कितीतरी आधी. तेव्हा यंत्रं कुठली, पेटीत दिवा लावून ऊब द्यायची, बाकी सगळं तुझ्या जिद्दीवर. तुझे बाबा कामावरून सुटले की यायचे, दारात उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे, 'कसं चाललंय?' आत ये म्हटलं की म्हणायचे, हात गार आहेत. तू घरी आलास तरी हात गारच. सायकल तुला शेजारच्या काकांनी शिकवली, बाबा फाटकात उभे. तुझा निकाल त्यांनी दारातून विचारला. तुझ्या लग्नात सगळे फोटोत, ते मांडवाच्या खांबाशी. ते गेले त्या आठवड्यात तू मला म्हणालास, बाबांनी मला कधी जवळ घेतलं नाही, दगड होते. मी गप्प बसले, कारण त्यांनी मला शपथ घातली होती. आज मोडते. मेलेल्या माणसाची लाज राखायची की जिवंत लेकराचा श्वास, यात मला फार विचार करावा लागत नाही.

शेवटच्या आजारपणात ते म्हणाले, 'मला वाटलं होतं, हा काही राहत नाही. हात लावला तर लळा लागेल, म्हणून लावला नाही. मग तो राहिला. म्हटलं, जरा मोठा होऊ दे. मग तो मोठा झाला. मग लाजच वाटायला लागली गं. एवढा मिसरूड फुटलेला मुलगा, त्याला आता काय सांगून जवळ घेऊ?' आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांची बायको होते, तेव्हा डोळे पुसले. पण मनात मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. एका भीतीपायी चाळीस वर्षं फुकट घालवली तुम्ही, माझ्या लेकराची आणि स्वतःची! तो राग बाहेर काढायला जागाच मिळाली नाही मला. आता मिळाली आहे. ती म्हणजे हा कागद, आणि तो तूच वाचतो आहेस.

आता तुझ्या दौऱ्याविषयी. सकाळी खालच्या पार्किंगचा वॉचमन वर आला. मला म्हणाला, 'आजी, रागावू नका, पण तुमचे साहेब रोज सकाळी येतात. जिन्याजवळच्या खांबाशी गाडी लावतात, काचा वर करून बसतात, बराच वेळ बसतात, आणि जातात. काही आजार आहे का हो त्यांना?' म्हटलं, हो, बापाकडून आलाय. मग व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीतून मी खाली पाहिलं. गाडी होती. स्टेअरिंगवर डोकं टेकलेलं होतं. आणि मागच्या सीटवर लहान बाळाला बसवायची ती पट्ट्यांची खुर्ची बांधलेली होती, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. अरे गाढवा, ज्याला लळा लावून घ्यायचा नाही, तो ती खुर्ची बांधून ठेवत नाही! लागलाय तो तुला केव्हाच. आता वर आलास काय आणि खाली बसलास काय, दुखायचं ते दुखणारच आहे. मग निदान तिच्या उपयोगी तरी पड.

उद्या तू गाडी लावलीस की हे पत्र वॉचमन तुझ्या वायपरखाली अडकवेल. वाचलंस की गाडी बंद कर. मी टिटवीला चादरी उचलायला सांगितलं आहे. लिफ्टची वाट बघू नकोस, तेवढ्यात तुझा विचार बदलेल, जिन्याने ये. घड्याळ, अंगठी काढ, कोपरापर्यंत साबणाने हात धू, अत्तर मारलं असशील तर छातीही पूस. मी व्हरांड्यात अस्वलाशेजारी बसलेली असेन, पण माझ्याशी बोलायला थांबू नकोस, मला अजून तुझ्याशी बोलायचं नाही. सरळ आत जा. आणि हात गार पडलेच, तर ते घटकाभर स्वतःच्या काखेत धरायचे असतात, लगेच ऊब येते. तुझ्या बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

काचेच्या अलीकडून,
तुझीच, संतापलेली
आई