हाल्लाकोस्कीतला कोरडा जानेवारी

१ जानेवारी, बुधवार. दुपारी दोन.
आत्ता उठलो. डोकं जड. बाहेर उणे एकोणीस.
संकल्प: कोरडा जानेवारी. महिनाभर एक थेंब नाही. आमच्या हाल्लाकोस्कीत दर वर्षी अर्धं गाव हा संकल्प करतं आणि उरलेलं अर्धं त्यांना हसतं. आजवर मी हसणाऱ्यांत होतो. आता पुरे. चोपन्न वर्षांचा माणूस मी, नगरपालिकेच्या कंत्राटावर शाळेची टॅक्सी चालवतो. जबाबदारीचं काम आहे.
आयलीला सांगितलं. आयली म्हणजे बायको, वृद्धाश्रमात नर्स आहे, त्यामुळे सगळ्या जगाला पथ्य सांगायची सवय. ती म्हणाली, का करतोयस ते तुला माहीत आहे. मला काही माहीत नाही. तब्येतीसाठी करतोय.
सुरुवात उद्यापासून. आजचा दिवस धरणं अन्यायाचं आहे. रात्री बारानंतरचे तीन पेग तर संकल्प सुचायच्या आधीचे होते.

२ जानेवारी, गुरुवार.
दिवस पहिला. एकदम फ्रेश. लोक उगाच बाऊ करतात.
बाजारात गेलो आणि वेन्लासाठी लोकरीचे जाड हातमोजे घेतले. लाल. सहज दिसले म्हणून घेतले. वेन्ला माझी लांबच्या रूटवरची एकुलती एक सवारी. वय आठ. गावापासून नऊ किलोमीटरवर जंगलात घर. आई हेली एकटी, पहाटे पाचला डेअरीत कामाला जाते. पोरगी स्वतःच्या हातानं दार लावते आणि रस्त्याच्या तोंडाशी येऊन माझी वाट बघत उभी राहते.
डिसेंबरात एकदा मला चाळीस मिनिटं उशीर झाला. उणे सत्तावीस होतं. तिच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली. बॅटरी गेली होती. हेलीलाही तेच सांगितलं. ती बिचारी उलट मलाच म्हणाली, तौनो, तुम्हीही थंडीत गाडी ढकलत बसलात, जिवाला जपा. तुम्ही आहात म्हणून मी कामावर निर्धास्त असते.
तेव्हापासून नीट झोप नाही. बहुतेक गादी बदलायला हवी.

४ जानेवारी, शनिवार.
शनिवार म्हणजे सौना, कडक वाफेची अंघोळ. शेजारच्या ओस्मोकडे. सॉमिलमधून रिटायर झालेला माणूस, मनानं चांगला.
सौनातून बाहेर आल्यावर त्यानं बिअर पुढे केली. मी स्पष्ट नाही म्हटलं. तो म्हणाला, अरे, ही दारू कुठाय? घामावाटे गेलेलं पाणी परत भरायचं, एवढंच. त्याच्या आजोबांना कुणी सौनानंतरच्या बिअरला दारू म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला दुधाची बाटली आणून दिली असती.
मुद्दा शास्त्रीय आहे. चार बाटल्या पाणी भरलं.
कोरडा जानेवारी: दिवस तिसरा, अखंड.

७ जानेवारी, मंगळवार.
शाळा सुरू. सकाळी सहा पन्नासला गाडीत बसलो, नळीत फुंकलं, हिरवा दिवा. वा.
शाळेच्या गाड्यांना कायद्यानं हे यंत्र असतं. श्वासात दारू निघाली तर लाल दिवा, इंजिन चालू होत नाही. गाडी अर्धा तास बंद राहिली की पुन्हा फुंका. चांगल्या माणसावरही संशय घेणारी वस्तू आहे. शिवाय थंडीत तिचं काही खरं नसतं. डिसेंबरात त्या दिवशी तिनं मला चार वेळा लाल दाखवला होता. आयलीनं येऊन फुंकलं तेव्हा लगेच हिरवा. थंडीचाच परिणाम.
वेन्लाला हातमोजे दिले. खूश झाली. बोटांची साल निघून गेलीय, थंडीत मुंग्या येतात म्हणाली. शाळेतल्या बाईंनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, काकांची बॅटरी गेली होती. मी शाब्बास म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

१३ जानेवारी, सोमवार. रात्री.
आज नूटचा दिवस. ख्रिसमस आज संपला. बाप्ये लोक फरकोट उलटा घालतात, तोंडाला झाडाच्या सालीचा मुखवटा लावतात, बोकड होऊन घरोघर फिरतात आणि ख्रिसमसची उरलेली दारू संपवतात. ओस्मो म्हणाला, दोन बोकड नसले तर लोक दार उघडत नाहीत. खोटं आहे, पण परंपरा कुणीतरी जपायलाच हवी.
एक गोष्ट इथे स्वच्छ लिहून ठेवतो. तौनोनं आज एक थेंब घेतला नाही. बोकडानं घेतली. अकरा घरं झाली.
शेवटचं घर हेलीचं. ओस्मोच्या पुतण्यानं गाडीतून नेलं. हेलीनं बिअर काढली, आम्ही बें बें केलं. वेन्ला आधी आईच्या मागे लपली. मग पुढे आली, माझा कोट हुंगला आणि आईला म्हणाली, आई, ह्या बोकडाला तौनो काकांच्या गाडीसारखा वास येतो.
हेली पोट धरून हसली. ओस्मो तर खाली बसला हसत.  मी एकदा बें केलं आणि बाहेर पडलो.
गाडीत वास कसला? उद्या पाइनच्या वासाचा स्प्रे आणतो.

१४ जानेवारी, मंगळवार.
६:५० लाल. ६:५५ लाल. दात घासून, लसूण खाऊन, ७:०२ लाल.
बाहेर उणे सव्वीस. आयलीला उठवलं. तिची आज सेकंड शिफ्ट होती. तिनं नाइटगाऊनवर कोट चढवला, फुंकलं. हिरवा. मी आभार मानायला गेलो तर मला ढकलून स्वतःच स्टिअरिंगवर बसली. मी शेजारी. वेन्लाला घेतलं, शाळेत सोडलं. वेन्ला मागून म्हणाली, आज काकूंनी घरातला झगा घातलाय. आयली तिच्याशी हसून बोलली, माझ्याशी नाही.
घरी आल्यावर म्हणाली, ही दुसरी वेळ आणि शेवटची. पुन्हा फुंकणार नाही. यापुढे पोरगी थंडीत उभी राहिली तर मी हेलीला स्वतः फोन करीन आणि बॅटरीचा शब्द काढणार नाही.
हिचं बोलणं टोकाचं असतं. पण दिवसभर जेवण गेलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार.
शांतपणे विचार केला. चूक कुठे होते ते सापडलं: संध्याकाळ. संध्याकाळी घेतलेली सकाळपर्यंत अंगात राहते. म्हणून नवा नियम: संध्याकाळी पूर्ण बंद. सकाळचा दिवा हिरवाच आला पाहिजे, पोरगी एक मिनिट थांबता कामा नये. हा माझा शब्द.
हे आयलीलाही सांगितलं. ती म्हणाली, बघू.

२१ जानेवारी, मंगळवार.
सकाळी हिरवा. सलग पाचव्या शाळेच्या दिवशी. नियम चालतोय.
वेन्लाला सोडल्यावर दोन वाजेपर्यंत मोकळाच असतो. शाळेच्या मागेच तळं. ओस्मो बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला. त्याच्याकडे थर्मास. कॉफीच, पण आत जरा ताकद घातलेली. दुपारची आहे म्हणजे नियमात बसते. आणि पहिला मासा लागला की सोबतच्यानं एक घोट घ्यायचा, नाहीतर मासे रुसतात, असं ओस्मो म्हणतो. आज मासे फार लागले.
दोन वाजता वेन्ला गाडीत येऊन बसली. फुंकलं. लाल. मी विसरलोच होतो की यंत्र परतीच्या वेळीही विचारतं. पुन्हा लाल. काचा आतून गोठायला लागल्या. पोरगी हात काखेत घालून बसली. तिनं विचारलं, काका, बॅटरी का? मी म्हटलं, नाही ग, मला खोकला झालाय, नीट फुंकता येत नाही.
ती म्हणाली, मी फुंकू? शाळेत आम्हाला बासरी शिकवतात, माझा श्वास वर्गात सगळ्यात लांब आहे.
हिरवा.
रस्ता रिकामा होता. वीसच्या स्पीडनं गेलो. हुशार पोर आहे.
तिला म्हटलं, हे आपल्या दोघांतच राहू दे हं. असं म्हटलं कारण आया उगाच काळजी करतात.

२२ जानेवारी, बुधवार.
आज पोरीवर फुंकायची वेळ आणायची नाही असं ठरवून तळ्यावर गेलो. ओस्मोचा वाढदिवस निघाला.
वेन्लानं न सांगताच हात पुढे केला. नळीचं टोक बाहीला पुसून घेतलं, फुंकलं, दिवा बघून हसली. मुलांना अशी कामं आवडतात. चॉकलेट दिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार.
कालही तिनंच, आजही तिनंच. आज म्हणाली, मी आता गाडीची मदतनीस आहे, हो ना काका? तुम्हाला खोकला आहे तोवर.
हो म्हणालो. मग मुद्दाम खोकलो. आठ वर्षांच्या पोरीसमोर खोट्यानं खोकणारा माणूस मी. आरशात बघवलं नाही. म्हणजे गाडीच्या आरशात. मागच्या सीटवर ती बसलेली असते.
सोमवारपासून तळ्यावर जाणार नाही. शपथ.

२७ जानेवारी, सोमवार.
गेलो. ओस्मो एकटा होता. एकट्या माणसाला असं सोडणंही बरं नाही.
वेन्लानं फुंकलं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली, एक गिरकी घेतली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कुणाला काही झालं नाही. लागलं नाही. खरचटलंही नाही.
वेन्ला हसली. तिला जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटलं. मग हसायची थांबली, कारण मी हसत नव्हतो.  ती पुढे वाकून म्हणाली, काका, मी चुकीचं फुंकलं का?
नाही ग बाळा, म्हटलं. तू बरोबर फुंकलंस.
फावड्यानं बर्फ काढला. घरी सोडलं. त्या वळणाच्या पलीकडे नदी आहे. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

२८ जानेवारी, मंगळवार.
थेंब नाही. खरोखर नाही. सौना नाही, मासा नाही, बोकड नाही. ओस्मोनं बोलावलं तरी सकाळच्या फेरीनंतर घरातून बाहेरच पडलो नाही. दोन वाजता स्वतः फुंकलं, हिरवा.
वेन्लाचा चेहरा पडला. म्हणाली, आज माझी गरज नाही? मी म्हटलं, खोकला बरा झाला. ती म्हणाली, नक्की? उद्या पुन्हा झाला तर?
तिचं अंग जरा गरम वाटलं, नाक वाहत होतं.
 आजपासून खरं मोजायचं. दिवस पहिला.

२९ जानेवारी, बुधवार. सकाळी आठ.
सव्वासहाला हेलीचा फोन. वेन्लाला एकोणचाळीस डिग्री ताप, मी रजा टाकलीय, आज गाडी आणू नका. आणि मग हसत म्हणाली, अहो, तुम्ही हिला कसलं खूळ लावून ठेवलंय? पहाटे उठून झोपेच्या कपड्यांवरच बूट चढवून दारात उभी. रडतेय नुसती. म्हणते, मी गेले नाही तर तौनो काकांची गाडी सुरू होणार नाही, ते शाळेपाशी थंडीत गोठून मरतील. हा काय खेळ आहे?
बॅटरी हा शब्द ओठांवर आला होता. अगदी आला होता. आयली कॉफीचा कप घेऊन समोर उभी होती, माझ्याकडे बघत.
सांगितलं. सगळं. यंत्र, ओस्मोची कॉफी, नळी, वळण. डिसेंबरपण. दोन मिनिटं लागली असतील.
हेली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.  मग एवढंच विचारलं, किती वेळा?
चार, म्हटलं. पाच होतं.
तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी सात.
नगरपालिकेत जाऊन गाडीची किल्ली दिली, काम सोडलं. कारण लिहायला फॉर्मवर एकच ओळ होती, मी मागच्या बाजूलाही लिहिलं. तिथल्या बाईंनी वाचलं, मान वर केली नाही.
आयली जेवण वाढून ठेवून शिफ्टला गेली. जाताना खांद्यावर हात ठेवला. ते जास्त लागलं.
पाच वाजता हेलीचा मेसेज आला. मला वाटलं शिव्या असतील. वाचला:
ताप उतरत नाहीये. औषध घेत नाही, झोपत नाही. एकच विचारतेय, आता तौनो काकांसाठी कोण फुंकणार. तिला काय सांगू ते तुम्हीच कळवा.
दोन तास झाले. चार वेळा लिहिलं, चारही वेळा पुसलं.