दादाच्या वाट्याची खोली

पेडणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. परेशदादास सेजलचा सा. न.

फोनवर तू ‘बघूया’ म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून लिहिते. विमानतळ झाल्यापासून इथली भाडी गावच्या माणसाला परवडत नाहीत. त्यांच्यासाठी स्वस्त खोल्या बांधायला गावाने घरदर्शन ठरवलंय. सोळा तारखेला, रविवारी, लोक तिकीट काढून गावातली जुनी घरं पाहतील. खोल्यांचे नकाशे मी केलेत. हे काम बघणाऱ्या समितीच्या सदाशिवभाईंनी आपलंही घर मागितलं. मी हो म्हटलं.

छपराचा मूळ लाकडी सांधा आता फक्त तुझ्या खोलीत उरलाय. माझ्या बाजूला मी लोखंड घातलं. चावी माझ्याकडे आहे. पण वाटणी झालेली खोली वाटेकऱ्यानेच उघडायची, ही आपली रीत. बाबांनीही काकांची खोली कधी उघडली नाही. त्या दिवशी सकाळी येऊन जा. वहिनींना नमस्कार.

माया आहे तशी असू दे.

सेजल

मुरगाव, ९ फेब्रुवारी

चि. सेजल हिला आशीर्वाद.

इंजिनियरबाई, रीती कसल्या पाळतेस? माझी परवानगी आहे, उघड. आत असलं तर एक मोडकं कपाट आणि उंदीर. उंदरांचं तिकीट वेगळं लाव. धक्क्याला जहाज लागतंय. सुटी मागितली आहे, मिळाली तर येतोच. तुझी गौरवीवहिनी म्हणते, एवढ्या घरात एकटी राहण्यापेक्षा इथे ये. मी तिला म्हटलं, आमची बाय घर राखत नाही, घरच बायला राखतं. वेळेवर जेव.

तुझा दादा

पेडणे, १७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

घरदर्शन नीट पार पडलं. तू येशील म्हणून तुझ्या दारापुढची जागा मी मोकळी ठेवली होती; दार बंदच राहिलं. लोकांना सांधा कागदावर काढून दाखवला. शेजारच्या धाकूकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, आत सोन्याचा हंडा पुरलाय की नवरा लपवलाय. सगळे हसले. मीही.

शेवटी बालवाडीच्या तेजस्विनीबाई आल्या. जन्म इथलाच. त्यांच्या घरमालकाला खोली पर्यटकांना द्यायची आहे. महिनाअखेर त्यांना बाहेर पडायचंय. समितीच्या खोल्या व्हायला दोन वर्षं तरी लागतील. बंद दाराकडे बघून त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं. मी म्हटलं, भाऊ. कधी येतात, असं त्यांनी सहज विचारलं. मी सांध्याचा कागद त्यांच्यापुढे धरला.

खोली त्यांना भाड्याने दे. संध्याकाळी तुझा उंबरा झाडताना मी हे ठरवलं. तो मी रोज झाडते. एक मार्चला, शनिवारी, उघडायला ये. या वेळी काम माझं नाही, तेव्हा सुटी मिळेल.

चतुर्थीला तुमची अंथरुणं माझ्या खोलीत घालीन. मी बाहेर झोपेन.

राग आला तरी लिही.

सेजल

मुरगाव, २२ फेब्रुवारी

चि. सेजल हिला आशीर्वाद.

सुटी मिळाली. शनिवारी पहिल्या बसने येतो आणि खोली उघडून देतो. बाईंना सामान घेऊनच यायला सांग. कपाट त्यांना राहू दे. जेवायला थांबेन, वेगळं काही करू नकोस.

चतुर्थीला अंथरुणांची खटपट नको. गणपतीला हात जोडून आम्ही संध्याकाळीच परतू. आता भिंतीपलीकडे माणूस असेल. आम्हाला तुझी काळजी उरली नाही.

तुझा दादा