नारळ नको, पाणी आणा

८ एप्रिल २०१९, सोमवार
वाळूजच्या कंपनीत महिनाभराची बिनपगारी रजा टाकली. स्टोअर क्लार्क पुष्कळ मिळतील. तळहातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी, हे सांगणारा पाणाडी पुंडलिकनगरात मी एकटाच. एवढा दुष्काळ, एवढे नवे प्लॉट, आणि मी नट-बोल्ट मोजत बसू? आजपासून नेटवर जाहिरात. महिन्यात बोअरचे पाच पॉइंट, म्हणजे जागा दाखवायची पाच कामं, मिळाली नाहीत तर मुकाट्यानं कामावर जाईन, असं बायकोला, वैदेहीला, कबूल केलंय. ती म्हणाली, आधी टाकी बघा. आमच्या अंगणात मीच दाखवलेला बोअर तीनशे फूट कोरडा गेला, तेवढंच धरून बसलीय. मशीनवाल्यानं जागा दीड हात सरकवली होती, हे कितीदा सांगायचं.

९ एप्रिल
साडू देवेश नेटवर कोचिंग क्लासेसच्या जाहिराती करतो. त्यानं समजावलं. लोक शोधायला जे शब्द टाकतात, त्यांवर आपण बोली लावायची. कुणी जाहिरात दाबली तरच पैसे. 'बोअर पॉइंट' एवढंच नेमकं धरा, म्हणाला. मी 'पाणी' धरलं, तेही सैल. म्हणजे आसपासचं काहीही शोधलं तरी मी दिसणार. टाकायचं तर जाळं मोठं टाकावं.

१३ एप्रिल, दुपारी
एकतीस क्लिक. सहा फोन. सगळ्यांना टँकर पाहिजे. एक बाई म्हणाल्या, सकाळपासून वाट बघून ऱ्हायलो, कुठं अडकला तुमचा टँकर. मी नारळाचं सांगायला लागलो, तर म्हणाल्या, नारळ नको, पाणी आणा.

देवेश म्हणतो, 'टँकर' हा शब्द नकोशांच्या यादीत टाका, ती माणसं येणारच नाहीत. त्याला माणसांची पारख नाय. टँकर शोधणाऱ्याला मनातून बोअरच हवा असतो.

१९ एप्रिल
'बोअर पॉइंट' शोधून पाहिलं. वर गंगापूरचा कारभारी पाणाडी, खाली मी. एका क्लिकची बोली वीस रुपयांवरून साठ केली.

२० एप्रिल
कारभारी वरच. देवेश म्हणाला, नुसत्या बोलीवर नंबर लागत नाही. लोक जे शोधतात तेच जाहिरातीत असलं, तर कमी बोलीवालाही वर जातो. हा कुठला न्याय? नव्वद केली. 'टँकर'वर मात्र मीच पहिला. टँकरवाल्यांच्याही वर.

२८ एप्रिल
पॉइंट एकही नाही. पण एक आशा आहे. जाहिरातीच्या हिशेबात दिसतं, एक दिवसाआड कुणीतरी 'पुंडलिकनगर टँकर अर्जंट' शोधतं, माझी जाहिरात दाबतं, फोन करत नाही. लाजत असेल. प्लॉट मोठा असणार.

५ मे, सकाळी ६
टाकी कोरडी. वैदेही मोबाइलवर टँकर शोधत होती, मी शेजारी चहा घेत होतो. सगळ्यात वर मी. तिनं दाबलं. माझा नारळवाला फोटो उघडला. ती मागं आली आणि खालच्या टँकरवाल्याला फोन लावला. मी विचारलं, नेहमी असंच करतेस? म्हणाली, अहो, सवयीनं वरचंच दाबलं जातं. तुमचा नारळ येतो. मग मागं जाते.

दर दाबण्यामागं माझे नव्वद रुपये जातात, ते बोललो नाही. लाज वाटली. रागही आला, पण काढायला कुणी सापडेना.

७ मे
अक्षय्य तृतीया. पॉइंट शून्य. उद्या कामावर हजर. वाळूजच्या पहिल्या बसची वेळ मोबाइलवर शोधली. वरचंच दाबलं. कुठल्याशा ट्रॅव्हल्सची काशीयात्रा उघडली. मागं आलो.