बावीचे कोरडे चिरे

गुरुवार, १५ जानेवारी

म्हणे, ‘आमच्या गावात विहिरींच्या पाण्याची कुठलीच नोंद नाही.’ पाण्यावर संशोधन करायची ती मोठी डिग्री घ्यायला सायलीने अर्ज तयार केलाय, त्यात हे लिहिलंय. इंग्रजीत आहे, तिनेच मराठीत वाचून दाखवलं. वर विचारते, ‘‘आई, बरं झालंय ना?’’ डोंबल बरं!

लग्न होऊन आले तेव्हापासून दर शिमग्याला, पालखी घरून गेली की मी परसातल्या बावीत वाकून कोरडे चिरे मोजते. विहिरीचं पाणी खाली गेलं की भिंतीचे वरचे चिरे उघडे पडतात. पहिल्या वर्षी सात होते, गेल्या शिमग्याला अकरा. सगळं याच वहीत आहे.

तिला म्हटलं, ‘‘काय गो, मी चिरे मोजते ते काय?’’ तर हसली. ‘‘अगं, ती तुझी सवय. नोंद म्हणजे लिहिलेलं लागतं.’’

वही दाखवायची तर सगळीच दाखवावी लागणार. चिऱ्यांच्या खालीच तिच्या बापाला घातलेल्या शिव्या आहेत. ती तापाने फणफणली तेव्हा मी किती रडले, तेही आहे. आणि अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं. पण मीच लपवली तर पोरीला कळणार तरी कसं?

जाऊ दे. वही तिच्या लॅपटॉपवर ठेवते. सायले, वाच सगळं. चिरे घे, शिव्या सोड. अर्ज सोमवारी जायचाय. ते वाक्य काढतेस की नाही, आणि चिरे कुणी मोजले ते लिहितेस की नाही, रविवारी दुपारच्या आत मला सांग.