खिशात माचिस नव्हती

अंधेरी, २ नोव्हेंबर

प्रिय पर्पेच्युआताई,

आज मृतांचा दिवस. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर जेनेव्हिव्हच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या घेऊन गेलो, पण माचिस नव्हती. सिगारेट सुटली तशी तीही खिशातून गेली. शेजारी ॲड्रियन त्याच्या आईच्या कबरीवर होता. म्हणाला, "मार्कस, तुझ्याकडे काडी नाही? कमाल झाली! घे, माझ्या मेणबत्तीवर पेटव."

मी तरीही गेटबाहेरच्या पानवाल्याकडे गेलो. त्याने न विचारता माचिसवर माझी सिगारेट ठेवली. "खूप दिवसांनी, अंकल!"

जेनेव्हिव्हने आजारपणात बायकोच्या हक्काने शब्द घेतला म्हणून सोडली होती, ताई. ती गेली. आता कुणासाठी सोडायची, कळत नाही. तलफ मात्र रोज येते. आज सिगारेट परत केली. पुढच्या वेळी करीन का, माहीत नाही.

तू काळजी करू नकोस. मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? विहिरीवर एकटी जाऊ नकोस.

सगळे गेले तरी मेणबत्ती विझेपर्यंत मी तिथेच बसलो. मग माचिस तिच्या कबरीवर ठेवली आणि चालत घरी आलो.

तुझ्या प्रार्थनेत दोघांनाही ठेव.

तुझा भाऊ,
मार्कस