लिबर्तीन

रुआं, फ्रान्स, ९ फेब्रुवारी १७६३
दादाची मुलगी आपोलीन पुन्हा त्या रंगाऱ्याबरोबर नदीवर दिसली. दादा जेवला नाही. त्याचा मुलगा फिर्मां सूप ओढत म्हणाला, "बहीण लिबर्तीन निघाली, दुसरं काय!"
हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच.

११ फेब्रुवारी
शब्द तसा रोजचाच. मास्तर शाळा बुडवणाऱ्या पोरांना म्हणतात — म्हणजे उनाड. पाद्रीबाबा प्रार्थना चुकवणाऱ्या चांभाराला म्हणतात — म्हणजे देव न मानणारा. वरच्या गल्लीतल्या सरदाराने बाया ठेवल्यात, त्यालाही म्हणतात. पण हसून, जरा कौतुकानेच! बाईला म्हटला की मात्र कोणी हसत नाही.

१६ फेब्रुवारी
मुलीला मठात कोंडायचं तर राजाचा हुकूम लागतो, आणि त्यासाठी बापाचा अर्ज. फिर्मांने मजकूर तयारच आणला होता.
"ती तशी नाहीये रे," दादा म्हणाला. "हट्टी आहे, एवढंच."
"हट्टी लिहिलं तर कोण कोंडेल तिला? त्या कापसाच्या व्यापाऱ्याशी लग्नाला नाही म्हणते ना? मग झालं!"
दादाने सही केली. मी ताटल्या उचलल्या.

२ मार्च
कोतवालाचा माणूस शेजारीपाजारी विचारून गेला. पाववाली म्हणाली, "रस्त्यात मोठ्याने हसते." लिहून घेतलं! मी म्हटलं, आई नसलेली पोर, मी वाढवलीय, चांगली आहे. ते नाही लिहिलं. "आत्या काय, असंच म्हणणार."

९ मार्च
हुकूम आला. आपोलीनला मठात नेलं. गाडीत चढताना मला म्हणाली, "आत्या, त्या शब्दाचा नेमका अर्थ काय गं? सगळे म्हणतात, सांगत कोणीच नाही."
मी तिची शाल नीट केली.

१२ मार्च
थंडी.

१९ एप्रिल
दादा टोप्यांचं दुकान उघडतो आणि गिऱ्हाइकाकडे बघतही नाही. आज आपणहून म्हणाला, "आणू या तिला." पाद्रीबाबा म्हणतात, अडचण नाही — घरच्या कर्त्याने शब्द टाकला की मठ सोडतो. सोमवारी निघायचं ठरलं. तिची गादी उन्हात टाकली. फिर्मां उठून बाहेर गेला.

२६ एप्रिल
रविवारी पहाटे दादा झोपेतच गेला. काल माती दिली.
आज फिर्मां दादाच्या खुर्चीत बसला होता. विचारलं, "मठात कधी निघायचं?"
म्हणाला, "कशाला?"